वेस्ट बाल्टिमोरचं बीपी

औषधाच्या दुकानात काम करणाऱ्याला गिऱ्हाइकाचं बीपी दिसत नाही, तारखा दिसतात. तीस दिवसांच्या गोळ्या नेलेला माणूस तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी परत आला, तर सगळं ठीक चाललंय म्हणायचं. तो बावन्नाव्या दिवशी उगवला, तर मधले वीस दिवस त्यानं काय केलं हे कॉम्प्युटर सांगत नाही. डॉक्टरांच्या फायलीत अशांसाठी एक शेरा तयार असतो : ‘नॉन-कम्प्लायंट’. वेस्ट बाल्टिमोरमधल्या एका दुकानाच्या काउंटरमागे माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. ज्यांच्या नावापुढे हा शेरा होता, त्यांच्यातले खरोखर हट्टी, न ऐकणारे फार थोडे निघाले.

मी कराडची बी. फार्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मेरीलँडला आले. इथल्या परीक्षा दिल्या, इंटर्नशिप केली, लायसन्स मिळवलं. ओळखीच्या मराठी मंडळींचा सल्ला होता, ‘उपनगरात नोकरी बघ, शहरात नको.’ जागा मिळाली ती नेमकी शहरात, आणि शहराच्याही त्या भागात, जिथे आमच्यापैकी कुणी गाडीची काच खाली करत नाही. एकमेकांना चिकटलेली विटांची घरं, पुढे संगमरवरी पायऱ्या, आणि मधूनमधून खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं एखादं रिकामं घर. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं आफ्रिकन-अमेरिकन. महिन्याभरात मी सगळ्यांची ‘मिस फार्मसी’ झाले. माझं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी घेतलं नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

सुरुवातीला अंगावर आली ती वयं. कराडात बीपीची गोळी म्हटलं की डोळ्यांसमोर आजोबा यायचे. इथे पस्तिशीतला गोदामात काम करणारा माणूस तीन-तीन प्रकारच्या गोळ्या न्यायचा. शाळेच्या कॅन्टीनमधली एक बाई पंचेचाळिशीच्या आतच पॅरालिसिसनं एका हाताला अधू झालेली. तिच्या गोळ्यांच्या बाटलीला मी लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून असतं ते झाकण न लावता साधं झाकण लावायचे, कारण एका हातानं ते दाबून फिरवता येत नाही. दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर डायलिसिस सेंटर होतं. सोमवार-बुधवार-शुक्रवारचे वेगळे, मंगळवार-गुरुवार-शनिवारचे वेगळे. पेशंटांना सोडणाऱ्या व्हॅन पहाटे अंधारातच लागायच्या.

१३०/८० ही आजची रेघ धरली, तर अमेरिकेतल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब आहे. गोऱ्यांपेक्षा तो लवकर सुरू होतो, जास्त चढतो, आणि रात्री झोपेत जितका उतरायला हवा तितका अनेकांचा उतरत नाही. लोकसंख्येत त्यांचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास, पण किडनी निकामी झालेल्यांत जवळजवळ एक तृतीयांश. बाल्टिमोरमध्येच अप्टन-ड्रुइड हाइट्स या वस्तीतलं आणि श्रीमंत रोलंड पार्कमधलं सरासरी आयुर्मान यांत सुमारे वीस वर्षांचा फरक निघाला होता. दोन्हींमध्ये अंतर किती, तर गाडीनं फार तर पंधरा मिनिटं.

किडनीवरून आठवलं. पेशंट कधी कधी लॅबचा रिपोर्ट काउंटरवर पसरून ‘हे काय म्हणतंय?’ विचारायचे. किडनी किती काम करते त्याचा आकडा तिथे दोन ओळींत छापलेला असायचा : एक सगळ्यांसाठी, एक ‘आफ्रिकन-अमेरिकन असल्यास’. दुसरा आकडा मोठा. रक्त तेच, क्रिएटिनिन तेच, पण माणूस काळा म्हणून १९९९च्या सूत्रात उत्तराला साधारण १.२नं गुणायचं. आकडा मोठा म्हणजे किडनी कागदावर बरी, आणि कागदावर बरी म्हणजे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा. २०२१मध्ये हा गुणाकार सूत्रातून काढला. २०२३पासून अमेरिकेतल्या प्रत्यारोपण केंद्रांना जुने रिपोर्ट काढून अशा पेशंटांच्या प्रतीक्षेचा काळ मागच्या तारखेपासून धरावा लागला. उशिरा का होईना, चूक होती हे मान्य झालं.

आता त्या वीस दिवसांबद्दल.

एक गृहस्थ शहर बस चालवायचे. पन्नाशीचे, धिप्पाड, युनिफॉर्मला इस्त्री, बोलणं अतिशय अदबीचं. मनात मी त्यांना ‘बसवाले काका’ म्हणायचे. त्यांच्या दोन गोळ्या होत्या. अ‍ॅम्लोडिपिन वेळेवर नेत. दुसरी लघवीची गोळी, हायड्रोक्लोरोथायाझाइड, मात्र तीस दिवसांची नव्वद दिवस पुरवत. पैशांचा प्रश्न नव्हता, ती गोळी चहाच्या पैशांत येते. एकदा दुकानात गर्दी नव्हती तेव्हा मी विचारलं, ‘सर, ही गोळी तुम्हाला सोसत नाही का?’ त्यांनी मागे कुणी उभं नाही ना हे आधी पाहिलं. मग म्हणाले, ‘मिस फार्मसी, माझ्या रूटचं एक टोक ते दुसरं टोक सव्वा तास. शेवटच्या स्टॉपवर टॉयलेट नाही. पेट्रोल पंपावर आहे, पण त्याला कुलूप असतं आणि तो माणूस किल्ली देत नाही. मी चाळीस पॅसेंजर घेऊन बसलोय. सांगा, गोळी कधी घेऊ?’

घ्यायचे कधी, तर सुटीच्या दिवशी. आणि वर्षाकाठी ड्रायव्हरची मेडिकल असते तिच्या आधीचा आठवडाभर, रजा टाकून, रोज. मेडिकलला बीपी १४०च्या आत यायचं, कागदावर सही व्हायची. पुन्हा पहिल्यासारखं. डॉक्टरांना मात्र एरवीच्या भेटीत १७०च्या पुढचे आकडे दिसायचे आणि ते गोळीचा डोस वाढवायचे. म्हणजे जी गोळी घेताच येत नव्हती, तीच आणखी मोठी.

त्यांची ड्यूटी पहाटे चारला सुरू व्हायची आणि दुपारी एकला संपायची. मी क्लिनिकला फोन केला, नर्सशी बोलले, फॅक्स पाठवला. उत्तराला काही दिवस लागले, पण आलं : अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढवा, लघवीची गोळी दुपारी घरी पोचल्यावर. लेबलवर ‘रोज सकाळी एक’ असं छापलेलं होतं, ते बदलून ‘रोज दुपारी, काम संपल्यावर’ असं छापून मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते लेबल दोनदा वाचलं. पुढे त्यांच्या तारखा जुळायला लागल्या. हे काम करायला फार्मसीची पदवी लागत नाही हे मला कळतं, पण तोवर ते कुणी केलं नव्हतं हेही खरं.

औषधं नाहीत, हा या रोगाचा प्रश्नच नाही. कुठलं औषध कुणाला जास्त लागू पडतं, यावरही कमी काम झालेलं नाही. २००२मध्ये ‘ऑलहॅट’ नावाच्या प्रचंड चाचणीचे निकाल आले. तेहतीस हजारांहून जास्त माणसं, त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कृष्णवर्णीय. क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त, लघवीची गोळी नव्या महागड्या गोळ्यांच्या तोडीस तोड निघाली. कृष्णवर्णीयांत तर त्या नव्यांतली लिसिनोप्रिल घेणाऱ्यांना क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ४० टक्क्यांनी जास्त दिसला. तरीही लिसिनोप्रिल लिहिलं जायचंच. मधुमेह आणि किडनी यांच्यासाठी त्याला कारणंही असतात.

लिसिनोप्रिलच्या जातीतल्या गोळ्यांचा एक दुष्परिणाम कृष्णवर्णीयांत इतरांहून कितीतरी जास्त दिसतो. एका दुपारी एक बाई अ‍ॅलर्जीची गोळी मागायला आल्या. तोंडाला रुमाल लावलेला. ‘काही चावलं वाटतं,’ म्हणाल्या. रुमाल काढला तर खालचा ओठ एका बाजूनं सुजून लोंबलेला, आणि बोलताना जीभ जड. मी त्यांचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं : लिसिनोप्रिल, दोन वर्षांपासून. दोन वर्षं काही न होता तिसऱ्या वर्षी हे होऊ शकतं. सूज ओठावरून घशात उतरली तर श्वास बंद. अ‍ॅलर्जीच्या गोळीनं ती उतरतेच असं नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि ९११ला फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माझ्यावर वैतागलेल्या होत्या, कारण चारला नातवाला शाळेतून आणायचं होतं. आमची टेक्निशियन मुलगी त्याच गल्लीतली. तिनं त्यांच्या लेकीला फोन लावला, तेव्हा कुठे त्या स्वस्थ बसल्या. आठवड्यानं आल्या त्या नवीन प्रिस्क्रिप्शन घेऊन आणि केकचा तुकडा घेऊन.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या नोकरीचा विषय निघाला, की कुणीतरी हमखास म्हणतंच, ‘त्यांचं जेनेटिक आहे गं.’ म्हणणाऱ्यांत डॉक्टरही असतात. ही समजूत कुठून येते तेही मला ठाऊक आहे. गुलामांच्या जहाजांवर घाम, उलट्या, जुलाब यांनी माणसं मेली, ज्यांच्या शरीरानं मीठ धरून ठेवलं ती जगली, आणि आजचे कृष्णवर्णीय त्यांचे वंशज, म्हणून त्यांना बीपी. गोष्ट म्हणून झकास आहे. २००७मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या टीव्ही कार्यक्रमात डॉ. ओझ यांच्यासमोर ती रंगली आणि घराघरांत पोचली. माझ्या काउंटरवरही गिऱ्हाइकं ती मलाच समजावून सांगायची. पण फिलिप कर्टिन या गुलामांच्या व्यापाराच्या मोठ्या इतिहासकारानं १९९२मध्येच तिच्यातली हवा काढली होती. पश्चिम आफ्रिकेत मिठाचा दुष्काळ होता, जहाजांवरचे बहुतेक मृत्यू मीठ गेल्यानं झाले, याला इतिहासात आधार सापडत नाही, असं त्यानं दाखवलं.

शिकागोचे रिचर्ड कूपर यांनी तर सरळ माणसं मोजली. नायजेरिया, कॅमेरून, जमैका, सेंट लुसिया, बार्बाडोस आणि शिकागोजवळचं मेवूड. मूळ एकच, मुक्काम वेगवेगळे. १९९७मध्ये आकडे आले : पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के लोकांना उच्च रक्तदाब, कॅरिबियन बेटांवर २६, अमेरिकेत ३३. पूर्वज तेच असताना समुद्र ओलांडत जावं तसतसा आकडा चढत गेला. २००५मध्ये कूपर यांनीच गोऱ्या देशांचे आकडे शेजारी ठेवले. नायजेरियात १४ टक्क्यांच्या आसपास, अमेरिकन कृष्णवर्णीयांत ४४, आणि जर्मनीत ५५! जर्मनांच्या बीपीला कुणी जहाजाची गोष्ट जोडत नाही. त्यांच्या बाबतीत आपण सॉसेज, बिअर आणि पोट यांबद्दल बोलतो.

जनुकांचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. एपीओएल-१ नावाच्या जनुकाचे दोन प्रकार आफ्रिकेत निद्रारोगापासून वाचवतात म्हणून टिकले. ते दोन्ही बाजूंनी वाट्याला आले तर किडनी बिघडण्याचा धोका बराच वाढतो. पण ही किडनीची कथा आहे. तिच्या जोरावर अख्ख्या समाजाच्या रक्तदाबाचा हिशेब लागत नाही. मंडळात मी हे सगळं एका दमात सांगितलं, तर समोरचे काका पापड मोडत म्हणाले, ‘तरीपण...’ त्या ताटात लोणचंही होतं. मी पुढे बोलले नाही.

खाण्याचं मात्र मान्य करायलाच हवं. आमच्या चौकात बुलेटप्रूफ काचेमागून विकणारं तळणीचं दुकान होतं. ‘चिकन बॉक्स’ म्हणजे तळलेली कोंबडी, खाली फ्राइज, वर मीठ-मिरपूड-केचप, आणि सोबत अर्धा आइस-टी अर्धं लिंबू सरबत. दुसरा पदार्थ ‘लेक ट्राउट’. तो ट्राउटही नसतो आणि तळ्यातलाही नसतो, व्हायटिंग नावाचा समुद्रातला मासा तळून पावात देतात. चव विचाराल तर मी दोनदा मागून खाल्लाय. आठ तास उभं राहून काम केलेल्या माणसाला कोपऱ्यावर, रात्री दहाला, गरम मिळणारं अन्न हेच. ताजी भाजी मिळायची ती अरॅबरकडे. घोडागाडीतून फळं-भाज्या विकणारे हे बाल्टिमोरचे कृष्णवर्णीय फेरीवाले, घोड्याच्या गळ्यात घंटा, तोंडानं लांब हेल काढलेली आरोळी. एकेकाळी भरपूर होते, आता हाताच्या बोटांवर.

पेशंटच्या हातात आम्ही ‘डॅश’ आहाराचं पत्रक द्यायचो. फळं, भाज्या, कमी फॅटचं दूध-दही, कमी मांस. तो आहार लागू पडतो यात शंका नाही. १९९७च्या मूळ चाचणीत निम्म्याहून जास्त माणसं कृष्णवर्णीय होती, चार केंद्रांपैकी एक इथलंच, जॉन्स हॉपकिन्स, आणि गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांचं बीपी जास्त उतरलं. पण त्या चाचणीत सगळं जेवण शिजवून, फुकट दिलं जात होतं. आमच्या पत्रकासोबत जेवण नव्हतं. एका आजींनी पत्रक वाचून, घडी घालून, पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, ‘बाळा, यातलं कुठलं या रस्त्यावर मिळतं ते तेवढं खूण करून दे.’ मी पेन घेतलं. खुणा फार झाल्या नाहीत.

या सगळ्यांत मला सर्वांत पटलेला माणूस म्हणजे शर्मन जेम्स. हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ १९७८मध्ये नॉर्थ कॅरोलिनात जॉन हेन्री मार्टिन नावाच्या एका निवृत्त शेतकऱ्याशी गप्पा मारत बसला होता. मार्टिनचा जन्म १९०७चा. शाळा नावापुरती, लिहावाचायला स्वतःच शिकलेला. वाटेकऱ्यानं शेती करायची आणि कर्जात बुडायचं, या चक्रातून तो राबून राबून बाहेर पडला आणि चाळिशीपर्यंत ७५ एकरांचा मालक झाला. पन्नाशी सरेपर्यंत त्याला उच्च रक्तदाब, संधिवात आणि पोटात इतका वाईट अल्सर, की जठराचा मोठा भाग कापावा लागला. गप्पांच्या मध्येच बायकोनं घरातून हाक मारली, ‘जॉन हेन्री, जेवायला चला!’ जेम्सना एकदम लोककथेतला जॉन हेन्री आठवला. वाफेच्या यंत्राशी पैज लावून बोगद्याचा खडक फोडणारा, यंत्राला हरवणारा आणि हातात घण असतानाच कोसळणारा. तिथून जेम्सनी ‘जॉन हेन्रीइझम’ची मांडणी केली : पदरात साधनं थोडी, अडथळे मोठे, आणि माणूस मात्र ‘मी जास्त राबेन, मग जमेल’ म्हणत अंगाशी येईतो झगडत राहतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या त्यांच्या पाहण्यांत बीपी जास्त निघालं ते अशांचं : हट्ट जबर आणि मिळकत-शिक्षण तोकडं. हाच हट्ट असून हाताशी पैसाअडका असलेल्यांचं तसं नव्हतं.

माझ्या दुकानात आळशी माणसं कमी आणि जॉन हेन्री फार होते. दिवसा नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उचलणारी आणि रात्री ऑफिसं झाडणारी बाई गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेनची मोठी बाटली न्यायची. त्या गोळीनंही बीपी चढतं. मी पॅरासिटामॉल सुचवायचे, इथे त्याला टायलेनॉल म्हणतात. ती म्हणायची, ‘त्यानं माझा गुडघा दुसऱ्या नोकरीपर्यंत पोचत नाही.’

२०१५चा एप्रिल. फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना मानेला इजा होऊन १९ तारखेला गेला. २७ला त्याचे अंत्यसंस्कार झाले आणि दुपारी शहर पेटलं. पेन्सिल्व्हेनिया आणि नॉर्थ अ‍ॅव्हेन्यूच्या चौकातलं सीव्हीएस हे औषधांचं दुकान जळताना जगानं टीव्हीवर पाहिलं. जगाला त्यात एक दुकान दिसलं. मला त्या शेल्फांवर नावं लावून ठेवलेल्या, तयार असलेल्या बाटल्या दिसत होत्या. शहरातली दोन डझनांहून जास्त औषधांची दुकानं लुटली गेली. आमच्या काचा फुटल्या, काही दिवस दुकान बंद. रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी.

माझ्या डोक्यात सारखी एकच गोळी होती, क्लोनिडीन. बीपीच्या इतर बहुतेक गोळ्या दोन दिवस चुकल्या तर आकडा हळूहळू चढतो. क्लोनिडीन अचानक थांबली, तर बीपी उसळी मारतं, आधी होतं त्याच्याही वर जातं. ती गोळी घेणारे आमचे पेशंट मला तोंडपाठ होते, कारण ती सहसा इतर काही चालेनासं झालं की देतात. पालिकेच्या आरोग्य खात्यानं ३११ या नंबरावर औषधांसाठी मदत सुरू केली, घरपोच औषधं पोचवली. आम्हीही उघड्या असलेल्या दुसऱ्या दुकानात बसून यादीवरच्या लोकांना फोन करत होतो. एक म्हातारे गृहस्थ फोनवर शांतपणे म्हणाले, ‘माझ्याकडे चार गोळ्या आहेत. मी अर्ध्या करून घेतोय. तू घरी नीट जा, बाहेर वातावरण बरं नाही.’ त्यांच्याकडे त्या संध्याकाळी औषध पोचलं. जळालेलं ते सीव्हीएस पुढच्या वर्षी पुन्हा उघडलं. मधले महिने त्या चौकातल्या माणसांनी जे केलं, ते कॉम्प्युटरवर ‘उशिरा रिफिल’ म्हणून नोंदलं गेलं असणार.

डॉक्टरांवर विश्वास नाही, असंही यांच्याबद्दल म्हणतात. असेल. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना पेनिसिलिन निघाल्यावरही उपचार न देता नुसतं ‘बघत’ ठेवलं होतं. १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्या याच शहरात. माझ्या गिऱ्हाइकांतल्या म्हाताऱ्यांसाठी ही पुस्तकातली माहिती नव्हती, शेजारपाजारची होती. तरी ते यायचे, रांगेत उभे राहायचे, गोळ्या न्यायचे. मला त्या अविश्वासापेक्षा एवढं असूनही उरलेल्या विश्वासाचं जास्त नवल वाटायचं.

पुढे एका चर्चच्या ओळखीनं मी महिन्यातल्या एका शनिवारी न्हाव्याच्या दुकानात बीपी मोजायला बसू लागले. पांढरा कोट घरी ठेवून. आधी सगळ्यांनी माझ्याकडे केस कापायला आल्यासारखं बघितलं. मग मालकानंच पहिल्यांदा स्वतःचा दंड पुढे केला आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. त्यानंतर रांग लागली. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा पटली : दंड जाड, पट्टा लहान. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३मध्ये मोजून दाखवलं, की ज्याला सर्वांत मोठा पट्टा हवा त्याला नेहमीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा जवळजवळ २०नं फुगतो. दंडाचा घेर न बघता मोजलेल्या बीपीवर किती जणांच्या गोळ्या वाढल्या असतील!

न्हाव्याच्या दुकानाची कल्पना माझी नाही. लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ दुकानांत ती रीतसर चाचणी करून पाहिली. एका गटाला न्हावी नुसतं ‘डॉक्टरकडे जा’ सांगायचे. दुसऱ्या गटात फार्मासिस्ट स्वतः दुकानात यायचा, पेशंटच्या डॉक्टरशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध सुरू करायचा, बदलायचा. सहा महिन्यांनी या दुसऱ्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७नं उतरला, पहिल्याचा नऊनं. १३०/८०च्या खाली आले ते एकीकडे जवळजवळ ६४ टक्के, दुसरीकडे १२. हे २०१८मध्ये छापून आलं. माणसं त्याच शहरातली, त्याच वंशाची, गोळ्या त्याच जुन्या. फरक इतकाच, की गोळी चालत माणसापर्यंत आली.

आता चाललंय ते उलट. औषधांची दुकानं मिटत चालली आहेत. राइट एड ही मोठी साखळी दिवाळखोरीत गेली आणि २०२५मध्ये तिची उरलेली सगळी दुकानं बंद झाली. जिथे माणसांकडे गाड्या कमी, तिथे एक दुकान मिटलं की गोळी दोन बस लांब जाते.

अमेरिकेत मराठी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आज पुष्कळ आहेत, आणि शहरांतल्या दवाखान्यांत त्यांच्यासमोर हेच पेशंट बसतात. त्यांना माझं सांगणं आहे : फायलीत तो शेरा लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. ड्यूटी कधी सुरू होते, औषधाचं दुकान किती लांब आहे, आणि कामावर टॉयलेट आहे का. मग दंडाचा घेर बघून पट्टा बांधा.